ओएई पास, बेरा नापास; मग बाळाचा कान चांगला की वाईट?

प्रश्न: माझं बाळ साडेचार महिन्यांचं आहे. पूर्ण दिवसांचं, जन्मानंतर कावीळ वगैरे काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी ओएई चाचणी (कानात छोटं टोक घालून करतात ती) झाली, दोन्ही कान पास. पण हाक मारली तर बघत नाही म्हणून गेल्या महिन्यात पुन्हा दाखवलं. ओएई परत पास आली, पण झोपवून केलेल्या बेरामध्ये (डोक्याला इलेक्ट्रोड लावून ऐकण्याच्या नसेच्या लहरी बघतात ती चाचणी) दोन्ही कानांच्या लहरीच दिसल्या नाहीत, अगदी मोठ्या आवाजालासुद्धा. एक डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहे, मशीनचा घोळ असेल, वर्षाचं होईपर्यंत थांबा. दुसरे म्हणाले, आतल्या पेशींचं एकमेकींशी बोलणं तुटलंय, आणि त्यांनी जीन टेस्ट लिहून दिली. सासूबाई म्हणतात, दार आपटलं की दचकतं, म्हणजे ऐकू येतंय. आमच्या दोन्ही घरांत कुणालाच ऐकण्याचा त्रास नाही. कानातल्या पेशी बोलतात म्हणजे नेमकं काय? आणि माझं काही चुकलं का? नववा महिना लागेपर्यंत मी दिवसभर इयरफोन लावून काम करत होते. – एक आई

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचं वाचून उपयोग नाही. तुमच्या इयरफोनचा आणि या रिपोर्टचा काडीचाही संबंध नाही. तो आवाज तुमच्या कानात होता, बाळाच्या नव्हे. हा विषय आपण इथेच मिटवू.

आता ‘मशीनचा घोळ, वर्षभर थांबा’ या सल्ल्याबद्दल. तो मला पटत नाही. बेरा पुन्हा करून घ्यायला हरकत नाही, उलट करावीच. पण ओएई पास झाली म्हणून बेरा खोटी ठरत नाही. दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी खरे असू शकतात, कारण या दोन चाचण्या दोन वेगवेगळ्या पेशींची परीक्षा घेतात. दुसऱ्या डॉक्टरांचं वाक्य तुम्हाला कोड्यासारखं वाटलं असेल, पण ते नेमकं आहे.

अंतर्कर्णात ऐकण्याचं काम करणारा भाग म्हणजे कॉक्लिया. शंखासारखी अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली नळी. उलगडून सरळ केली तर जेमतेम 35 मिलिमीटर. तिच्यात एक लवचीक पट्टी आहे आणि पट्टीवर केसपेशींच्या ओळी. एक ओळ आतल्या बाजूला, तीन बाहेरच्या बाजूला. आतल्या ओळीत साधारण 3,500 पेशी, बाहेरच्या तिन्ही ओळी मिळून 12,000 च्या आसपास. माणसाचं सगळं ऐकणं एवढ्यावर चालतं. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी असतात, त्या मानाने कानाचा कारभार फारच तुटपुंज्या मनुष्यबळावर चाललेला आहे. शिवाय या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. पक्ष्यांमध्ये होतात, आपल्यात नाही.

प्रत्येक केसपेशीच्या डोक्यावर अतिशय बारीक काड्यांचा तुरा असतो, काड्या उंचीनुसार चढत्या क्रमाने लावलेल्या. बुटक्या काडीच्या टोकापासून शेजारच्या उंच काडीच्या अंगापर्यंत एक धागा ताणलेला असतो. आवाजाने द्रव हलला, पट्टी हलली की तुरा वाकतो, धागा ताणला जातो, त्या ओढीने काडीच्या टोकाशी असलेलं सूक्ष्म छिद्र उघडतं आणि बाहेरच्या द्रवातलं पोटॅशियम पेशीत घुसतं. झालं, आवाजाची वीज झाली. अगदी हळू आवाजाला हा तुरा एका नॅनोमीटरपेक्षाही कमी सरकतो, तरी पेशीला ते कळतं. मधे कुठली रासायनिक पायरी नाही, म्हणूनच हे काम सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात उरकतं.

इथपर्यंत आतल्या आणि बाहेरच्या पेशी सारख्याच वागतात. पुढे त्यांचे रस्ते वेगळे होतात.

बाहेरच्या पेशी नाचतात. वीज बदलली की त्या आखूड होतात, पुन्हा लांब होतात, आणि हे आवाजाच्या तालावर, सेकंदाला हजारो वेळा. 1985 मध्ये विल्यम ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुट्या केलेल्या बाहेरच्या पेशींना विजेचे झटके दिले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या लांब-आखूड होताना दाखवल्या. हे घडवून आणणारं प्रथिन, प्रेस्टिन, 2000 मध्ये पीटर डॅलोस यांच्या प्रयोगशाळेला सापडलं. पण या नाचाचा उपयोग काय? झोक्यावर बसलेल्या मुलाला परत येण्याच्या अचूक क्षणी हलकासा धक्का दिला की झोका वाढत जातो, तसा या पेशी पट्टीच्या हालचालीला दर फेरीत धक्का देतात. पट्टी जास्त हलते, द्रव जास्त हलतो आणि शेजारच्या ओळीतल्या आतल्या पेशींचे तुरे जास्त वाकतात. म्हणजे बाहेरच्या पेशी आतल्या पेशींशी बोलतात, पण मधे ना तार आहे ना रसायन. सगळा निरोप हालचालीतून जातो. या पेशी गेल्या तर 40 ते 60 डेसिबलचा तोटा होतो. नेहमीच्या बोलण्यातलं बरंचसं हातातून निसटतं.

आणि त्या नाचल्या की थोडा आवाज उलटा बाहेरही येतो. द्रवातून मधल्या कानात, तिथून पडद्यावर, पडद्यातून कानाच्या नळीत. कान स्वतः आवाज काढतो हे 1978 मध्ये डेव्हिड केम्प यांनी नळीत मायक्रोफोन ठेवून दाखवलं, तेव्हा अनेकांना ते खरं वाटलं नव्हतं. बाळाच्या कानात बोंडासारखं छोटं टोक घालून जी ओएई करतात, ती हाच आवाज ऐकते. तेव्हा तुमच्या बाळाची ओएई दोनदा पास झाली याचा अर्थ एवढाच: मधला कान मोकळा आहे आणि बाहेरच्या पेशी जिवंत आहेत, नाचताहेत. बाळाला ऐकू येतं, असं ती चाचणी म्हणतच नाही. जन्मानंतरची तपासणी फक्त ओएईवर भागवली की नेमकी अशी बाळं सुटून जातात. अतिदक्षता विभागात राहिलेल्या नवजात बाळांची तपासणी बेरासारख्या चाचणीने करावी असा जो आग्रह असतो, तो याचसाठी.

आतल्या पेशी नाचत नाहीत. मेंदूला कळवणं हे त्यांचं काम. कॉक्लियातून निघणाऱ्या सुमारे 30,000 चेतातंतूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त तंतू या एका ओळीला चिकटलेले असतात. एकेका पेशीला दहा-वीस. बाहेरच्या पेशींच्या वाट्याला उरलेसुरले येतात.

पेशी आणि तंतू यांच्यामध्ये एक फट असते, तिला सिनॅप्स म्हणतात. वीज ही फट ओलांडत नाही, तिथे रसायनच लागतं. आतल्या पेशीच्या बुडाशी ग्लुटामेट भरलेल्या असंख्य सूक्ष्म पिशव्या एका पट्टीवजा रचनेला लगडून तयार उभ्या असतात. पोटॅशियम आत आलं की पेशीचा दाब बदलतो (दाब म्हणजे विजेचा), त्यासरशी बुडाची कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं, पिशव्या पेशीच्या भिंतीला मिळून फुटतात, ग्लुटामेट फटीत सांडतं आणि पलीकडचा तंतू चेततो. बाकीच्या बहुतेक चेतापेशी थांबून थांबून ठोके देतात. या पेशीला आवाज चालू असेपर्यंत न थकता, न अडखळता पिशव्या सोडत राहाव्या लागतात, आणि त्याही वेळ न चुकवता. आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे मेंदू दोन कानांमधल्या सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढ्या फरकावरून ओळखतो. इथे ढिलाई चालत नाही.

कॅल्शियम आलं, आता फुटा, हे पिशव्यांना कळतं ओटोफर्लिन नावाच्या प्रथिनामुळे. त्याचं जनुक ओटीओएफ. त्यातल्या दोषामुळे ऐकू येत नाही हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या क्रिस्तीन पेती यांच्या गटाने 1999 मध्ये दाखवलं. ओटोफर्लिन नसेल तर चित्र असं दिसतं: तुरा वाकतो, पोटॅशियम येतं, कॅल्शियम येतं, पिशव्या भरलेल्या तयार आहेत, पलीकडे तंतूही धडधाकट आहे, आणि तरी फटीत काही पडत नाही. बाहेरच्या पेशींना आपल्या नाचासाठी ओटोफर्लिन लागत नाही, म्हणून त्या मजेत. ओएई पास. बेरा मात्र कपाळावर आणि कानामागे लावलेल्या इलेक्ट्रोडमधून नसेचे आणि मेंदूच्या देठाचे ठोके मोजते. तिची पहिली लहर मुळी नसेतूनच उठते. नसेला निरोपच पोचला नाही तर लहर कुठून येणार? दुसऱ्या डॉक्टरांनी ‘बोलणं तुटलंय’ म्हटलं ते हे.

रिपोर्टवर बहुधा ‘ऑडिटरी न्यूरोपथी’ किंवा ‘एएनएसडी’ असं लिहिलेलं असेल. ते वाचून नस मेली असं धरून चालू नका. बिघाड आतल्या पेशीत असू शकतो, फटीत असू शकतो, नसेत असू शकतो. बेराच्या सपाट रेषेवरून यातलं काय ते ठरत नाही. वेळेआधी जन्मलेल्या, तीव्र कावीळ झालेल्या किंवा जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळांतही असाच रिपोर्ट येतो, आणि त्यातल्या काहींच्या लहरी पुढे वर्ष-दीड वर्षात सुधारतात. ‘थांबा’ हा सल्ला बहुधा तिथून आला असावा. तुमच्या बाळाच्या इतिहासात यातलं काहीच नाही, त्यामुळे जनुकाचा संशय आधी घ्यायला हवा. तो घेतला गेलाय, हे चांगलं झालं.

कदाचित कुणी तुम्हाला जीजेबी2 या जनुकाबद्दलही सांगेल. जन्मजात बहिरेपणाच्या जनुकीय कारणांत बऱ्याच देशांत तेच सर्वांत जास्त सापडतं, म्हणून थोडं सांगते. केसपेशींना चहूबाजूंनी आधारपेशी धरून असतात आणि या आधारपेशींचं आपसातलं बोलणं सर्वांत सरळ: शेजारणीच्या आणि आपल्या भिंतीतून आरपार जाणारी छिद्रं. ती कनेक्सिन 26 आणि कनेक्सिन 30 या प्रथिनांची बनतात. त्यांतून पोटॅशियम आणि निरोप्याचं काम करणारे छोटे रेणू या पेशीतून त्या पेशीत सरकतात. केसपेशींनी वापरून बाहेर टाकलेलं पोटॅशियमही आधारपेशी अशा रीतीने हलवत असाव्यात असं मानलं जातं. जीजेबी2 हे कनेक्सिन 26 चं जनुक. पण त्यात दोष असला तर सहसा बाहेरच्या पेशींचंही काम बसतं आणि ओएई नापास होते. तुमच्याकडे ती पास आहे, म्हणून संशयाची सुई तिकडे कमी झुकते. तरी जीन टेस्टमध्ये एकदम तपासतात त्या जनुकांच्या यादीत ते असतंच, वेगळं काही करायला नको.

याच आधारपेशी जन्माच्या आसपास आणखी एक उद्योग करतात, तो मला फार आवडतो. उंदरांच्या पिल्लांना ऐकू येऊ लागण्याआधीच त्या अधूनमधून एटीपी नावाचा रेणू सोडतात, त्याने आतल्या केसपेशी आपोआप चेततात आणि बाहेर शांतता असतानाही नसेतून ठोके मेंदूकडे जात राहतात. ड्वाइट बर्गल्स यांच्या प्रयोगशाळेने 2007 मध्ये हे दाखवलं. मेंदूतल्या ऐकण्याच्या वाटा या तालमीतून रुळतात असं दिसतं. बाळाच्या बाबतीत घाई करा असं मी सारखं म्हणते, त्यामागचं कारणही याच जातीचं आहे. कान पुढेमागे दुरुस्त होईल, पण मेंदूचं भाषा शिकण्याचं वय वाट पाहत नाही.

सासूबाईंचं निरीक्षण खोटं नाही, निष्कर्ष मात्र काढू नका. दार आपटलं की हवेचा झोत येतो, पलंग हादरतो, सावली हलते. बाळ त्याने दचकू शकतं. आणि या आजारात काही बाळांना थोडंफार ऐकूही येतं, कधी जास्त, कधी कमी. ओटीओएफच्या काही प्रकारांत तर ताप चढला की ऐकणं जातं आणि ताप उतरला की परत येतं. तसं कधी जाणवलं तर तारखेसकट लिहून ठेवा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल. बाळाच्या पाठीमागे टाळ्या वाजवून, भांडी आपटून घरी घेतलेल्या परीक्षा मात्र बंद करा. त्यातून प्रत्येकाला हवं ते दिसतं आणि घरात भांडणं लागतात.

आता पुढचं. बेरा पुन्हा करायला सांगा आणि ती करताना क्लिक (कानात देतात तो ‘टक्’ असा छोटा आवाज) दोन्ही दिशांनी वेगवेगळं दिलं का, हे विचारा: एकदा दाबाने सुरू होणारं, एकदा ओढीने सुरू होणारं. हा प्रश्न विचारायला संकोचू नका, तज्ज्ञाला तो लगेच कळतो. केसपेशींची स्वतःची वीज क्लिकची दिशा बदलली की उलटी होते, नसेच्या लहरी तशा उलटत नाहीत. दोन्ही आलेख एकावर एक ठेवल्यावर सुरुवातीला आरशात पाहिल्यासारखी नागमोड दिसली आणि पुढे सपाट रेष असली, तर पेशी जाग्या आहेत आणि निरोप पुढे जात नाही हे डोळ्यांनी दिसतं. ती नागमोड चाचणीच्या इयरफोनच्या विजेची तर नाही ना, हे तपासायला त्याची आवाज नेणारी नळी चिमटीत दाबून एक आलेख काढतात. हा एवढा तपशील रिपोर्टमध्ये असला की मशीनच्या घोळाचा प्रश्न निकालात निघतो.

त्याच्या जोडीला एमआरआय. कान आणि मेंदू यांच्यामधली नस आहे का, पुरेशी जाड आहे का, हे त्यातच दिसतं. क्वचित नसच बारीक असते किंवा नसते, आणि तेव्हा उपायांचा सगळा हिशेब बदलतो. जीन टेस्टचं रक्त अजून दिलं नसेल तर याच आठवड्यात द्या. बाळाने मान कधी धरली हेही डॉक्टरांना आपणहून सांगा. तोल सांभाळणारा भाग याच अंतर्कर्णात असतो आणि तिथल्या काही केसपेशींना चेतातंतू पेल्यासारखा बुडापासून गळ्यापर्यंत वेढून असतो. त्या अरुंद जागेत पोटॅशियम साचलं की पिशव्या न फोडताही निरोप जातो. ओटोफर्लिनच्या दोषात मुलांचा तोल सहसा ठीक असतो. मान किंवा बसणं बरंच लांबलं असेल तर डॉक्टर दुसऱ्या जनुकांकडे बघतील.

घरात कुणाला त्रास नाही, मग हे कुठून आलं, असं तुम्ही अप्रत्यक्षपणे विचारलंय. ओटीओएफचा दोष असा की आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच ऐकू येत नाही. एकच बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत ऐकतो आणि त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही. तुम्ही दोघं तसे असलात तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता 25 टक्के. यात कुणा एकाची बाजू ‘जबाबदार’ नसते, हे घरातल्या सगळ्यांसमोर एकदा डॉक्टरांकडूनच वदवून घ्या.

श्रवणयंत्र काही महिने लावून पाहायला सांगतील, लावा. एक मात्र समजून घ्या: या आजारात बेरावरून किती डेसिबल ऐकू येतं ते ठरत नाही, म्हणून सहा-सात महिन्यांचं झाल्यावर आवाजाच्या दिशेला मान वळवण्याची चाचणी घेऊन यंत्राचं गणित पक्कं करतात. ओटोफर्लिनच गायब असेल तर आवाज कितीही वाढवला तरी फट तशीच राहते. यंत्राचा फारसा उपयोग होत नाही. तिथे कॉक्लियर इम्प्लांट चांगलं काम करतं. ते केसपेशींना वगळून थेट तंतूंना विजेचे ठोके देतं आणि तंतू तर चांगलेच असतात. नस बारीक असेल तर तेवढी खात्री देता येत नाही, एमआरआय त्यासाठीच आधी हवा.

जीन थेरपीबद्दल तुम्ही वाचलं असेल किंवा कुणी पाठवेलच. ती अफवा नाही. ओटीओएफ जनुक एका विषाणूच्या पोटात मावत नाही, म्हणून त्याचे दोन तुकडे दोन विषाणूंतून कॉक्लियात सोडतात आणि पेशीत ते जुळतात. 2024 च्या जानेवारीत शांघायच्या फूदान विद्यापीठाच्या रुग्णालयातले निकाल प्रसिद्ध झाले. सहा मुलांपैकी पाच जणांचं ऐकणं सुधारलं. बातमी मोठीच आहे. पण ती फक्त ओटीओएफवाल्यांसाठी आहे, आणि तुमच्या हातात अजून जनुकाचा रिपोर्ट नाही. तो ओटीओएफचा आला तर इम्प्लांटची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना थेट विचारा: आमच्या बाळाला ही थेरपी मिळण्यासारखी आहे का, कधी, आणि एका कानात इम्प्लांट बसवून दुसरा कान राखून ठेवायचा का. उत्तर ‘बघू, पुढे कधीतरी’ असं असेल तर त्या आशेवर बसू नका.

सहा महिन्यांच्या आत काहीतरी सुरू झालेलं असावं, असा या कामातला संकेत आहे. तुमच्याकडे अजून वेळ आहे, पण उधळण्याइतका नाही. भाषा तर आजपासूनच सुरू करता येते: बाळाच्या समोर बसून, तोंड आणि हात दिसतील अशा उजेडात बोला, खुणा वापरा, सांकेतिक भाषा शिकवणारं कुणी मिळालं तर घरातल्या सगळ्यांनी शिका. खुणांमुळे बोलणं मागे पडतं ही भीती बाळगू नका. आणि पुढच्या भेटीला जुन्या ओएईचे दोन्ही रिपोर्ट आणि बेराचे नुसते निष्कर्ष नव्हे, तर आलेखांचे मूळ कागद घेऊन जा. ते मागितल्याशिवाय सहसा मिळत नाहीत.